अर्धा तुकडा

लहानपणी मालवणच्या बंदरावर मी आईसोबत मासळीला जायचे. ती बांगड्याचे कल्ले उचलून बघायची, मग अंगठ्याने पोट दाबायची. पडलेला खळगा वर आला नाही, की पुढची टोपली. फ्रीजमधल्या सुरमईबद्दल तिचं मत ठरलेलं होतं : “बरफातलो मासो पाणी सोडता.”

ते का, हे मला मुंबईत कळलं, ऑपरेशन थिएटरला लागून असलेल्या एका छोट्या खोलीत. इंटरकॉमवर “फ्रोझन पाठवतोय” एवढंच ऐकू येतं आणि जेमतेम ओलसर गॉजवर हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा येतो. पलीकडे पेशंटची कवटी उघडी असते. वीसेक मिनिटांत सांगायचं, हे काय आहे.

एरवी तुकडा मेणात बसवून कापायला एक-दोन दिवस लागतात. घाई असेल तेव्हा मेणाचं काम बर्फ करतो. तुकडा गोठवून कडक करायचा, क्रायोस्टॅटच्या उणे वीस अंशांच्या पेटीत पाच-सहा मायक्रॉनची चकती काढायची, काचेवर घ्यायची, रंगवायची. पण मेंदूचा तीन चतुर्थांश भाग पाणी, आणि गाठीभोवती सूज असली तर त्याहूनही जास्त. सावकाश गोठलं की या पाण्याचे मोठे स्फटिक होतात आणि पेशी फाडतात. मग स्लाइडवर घावन्यासारखी जाळी दिसते. घावन्याला ती शोभते, इथे ती फसवते. ग्लायोमा जातीच्या, सावकाश वाढणाऱ्या काही गाठींमध्ये खरोखरच बारीक पोकळ्या असतात. त्यातली खरी कुठली आणि बर्फाने पाडलेली कुठली?

म्हणून स्फटिक वाढायच्या आत गोठवायचं. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो, पण तुकडा थेट त्यात टाकला तर तो भोवती उकळतो. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब वाफेवर तरंगत नाचतो, तशी वायूची गुंडाळी तुकड्याभोवती बसते आणि उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. त्यापेक्षा नायट्रोजनमध्ये गार केलेलं आयसोपेंटेन बरं. ते उकळत नाही, तुकड्याला सगळीकडून भिडतं.

हे पुस्तकात वाचलेलं होतं. तरी शिकाऊ असताना एकदा घाईत अख्खा तुकडा पेटीच्या थंडीत सावकाश गोठवून बसले. स्लाइडवर नुसती जाळी. थिएटरमधून दुसरा तुकडा मागावा लागला, म्हणजे कुणाच्या तरी मेंदूतून आणखी थोडं काढावं लागलं. पहिला वितळवून मेणात घातला, पण भोकं तशीच राहिली. आमच्या मॅडम रागावल्या नाहीत. दुसरा तुकडा आला तेव्हा त्यांनी त्याचे आधी दोन भाग केले आणि एक फॉर्मॅलिनमध्ये टाकला.

आता मी गोठवण्याआधी कणभर घेऊन दोन काचांमध्ये दाबते आणि ओढते. हार्वे कुशिंग आणि लुईझ आयझेनहार्ट यांनी १९३० मध्ये मांडलेल्या पद्धतीचंच हे रूप. यात बर्फच नाही, त्यामुळे जाळीही नाही. आणि बोटांना आधीच काहीतरी कळतं. पिट्यूटरीची गाठ सायीसारखी पसरते. ग्लायोमा पसरतो, पण तंतू मागे ठेवतो. मेनिंजिओमा गोळ्यागोळ्यांनी अडतो. श्वानोमा तर पसरतच नाही, काच नुसती घसरते. दर वेळी आईचा अंगठा आठवतो.

सर्जनला त्या क्षणी पुढचं पाऊल टाकण्यापुरतंच उत्तर हवं असतं. लिम्फोमा असेल तर गाठ पूर्ण काढायचा अट्टहास नको, पुढचं काम औषधांचं. क्षयाची गाठ वाटली तर थोडा तुकडा कल्चरला पाठवायचा आणि आमचा क्रायोस्टॅट बंद करून निर्जंतुक करायचा. डॉ. दराब दस्तूर यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूच्या क्षयाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आपल्याकडे ही शक्यता मनातून काढून चालत नाही.

परवा मी “ग्लायोमा” सांगितल्यावर पलीकडून विचारणा झाली, “ग्रेड?”

डाळीएवढ्या तुकड्यात गाठीचा सगळ्यात वाईट भाग आलाच असेल, असं नाही. “आत्ता नाही सांगत,” मी म्हटलं. “बाकीचं मेणावर.”

फोन ठेवला आणि बाटलीवर नंबर घातला. आत अर्धा तुकडा होता.