पर्वतीच्या पायऱ्या

मन उदास झाले असेल तर सकाळी उठून फिरायला जावे, हा उपदेश मी पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांना मोठ्या उदारपणे करीत आलो. उपदेश फुकटचा असला म्हणजे माणूस उदार होतोच. शिवाय तो खोटाही नव्हता. रॉबर्ट बर्टनने १६२१ साली विषादावर जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही उपायांमध्ये व्यायाम सांगितलेला आहे. परंतु चार वर्षांपूर्वी माझी पत्नी वारली आणि पुढल्या पावसाळ्यात ते दुखणे माझ्याच घरी मुक्कामाला आले, तेव्हा कळले की, या उपदेशातला ‘उठून’ हा शब्दच रोग्याला साधत नाही.

दुःख आणि हे दुखणे एक नव्हे. दुःखात माणूस रडतो. मला रडूही येत नसे. दात घासण्याचा ब्रश हातात धरून मी अर्धा-अर्धा तास मोरीपाशी नुसता उभा राही. डॉक्टरांनी औषध दिले, ते मी घेत होतो. फिरत जा, असेही ते म्हणाले. मी मान डोलावली. मान डोलावण्याला श्रम पडत नाहीत.

आमच्या शेजारी रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. सारी आळी त्यांना तात्या म्हणते. एके दिवशी पहाटे साडेपाचला त्यांनी दाराची कडी वाजवली. “प्रोफेसर, चपला घाला,” एवढेच ते म्हणाले. नाही म्हणायला जी शक्ती लागते तीही माझ्यात नव्हती, म्हणून मी गेलो. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. त्या दिवशी विसाव्या पायरीवर मी बसलो. तात्याही बसले. त्यांनी धीर दिला नाही की गीता सांगितली नाही, आणि याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. तंबाखू मळून झाल्यावर “चला” म्हणाले आणि आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा कडी वाजली. वर देवदेवेश्वरापर्यंत पोचायला मला तीन आठवडे लागले. तेथे काही आनंदाचे भरते आले नाही. उतरताना भूक मात्र लागली. कित्येक महिन्यांत प्रथमच लागली.

जरा बरे वाटू लागताच जुनी खोड उफाळली आणि मी या विषयावरील संशोधन वाचावयास घेतले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या ब्लूमेंथाल प्रभृतींनी १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पन्नाशीच्या व त्यापुढील १५६ विषादग्रस्तांचे त्यांनी तीन गट केले. एकाला औषध, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले होते. औषधाचा गुण मात्र लवकर दिसला. यावरून गोळ्या फेकून टेकडी चढावी, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो उतावीळपणा होईल. माझ्या गोळ्या पुढे दीड वर्ष चालू होत्या, आणि मला कशाने किती गुण आला याची वाटणी मला करता येत नाही. तथापि माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. ही माणसे एकेकटी व्यायाम करीत नव्हती. आठवड्यातून तीनदा, ठरल्या वेळी, देखरेखीखाली चारचौघांबरोबर करीत होती. उलट इंग्लंडमधील ३६१ रोग्यांवरचा एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना नेहमीच्या उपचारांखेरीज व्यायामाविषयी सल्ला व उत्तेजन देणारा माणूस नेमून दिला होता. त्यांची हालचाल वाढली, पण विषाद इतरांहून अधिक उतरला नाही. या दोहोंचा मेळ तज्ज्ञांनी घालावा. मला आपले राहून राहून वाटते की, सल्ला मलाही मिळाला होता. कडी मात्र तात्यांनी वाजवली.

गेल्या महिन्यात एका तरुण सहकाऱ्याने सहज विचारल्यासारखे विचारले, “सर, व्यायामाने खरेच फरक पडतो का हो?” मी ड्यूकचे आकडे सांगू लागलो. तो ऐकत होता, पण नखाने टेबलाचा रंग खरवडीत होता. मी मध्येच थांबलो आणि तो राहतो कोठे, हे विचारले. “दत्तवाडीत,” तो म्हणाला. आमची वाट त्यामुळे थोडी वाकडी होते आणि वीस मिनिटे आधी निघावे लागते. तात्या कुरकुरतात, पण येतात.