'फ्री डिलिव्हरी'ची पाटी मी का उतरवली

'फ्री डिलिव्हरी' हे दोन शब्द बरीच वर्षं माझ्या जाहिरातीत सगळ्यांत वर असायचे. मी जुने कॉम्प्युटर ऑनलाइन विकतो. पुण्याकडच्या कंपन्यांमधून वापरून निघालेले लॅपटॉप, डेस्कटॉप, मॉनिटर लॉटमध्ये उचलायचे, आमच्या गावी, कासुर्डीत आणायचे, साफसफाई करून, एसएसडी टाकून, दोन दिवस चालवून बघायचे आणि देशात कुठूनही ऑर्डर आली की पाठवायचे. भाडं किमतीतच धरायचं आणि गिऱ्हाइकाला एकच आकडा सांगायचा, हा माझा नियम होता. त्याचा मला अभिमानही होता. आता तो नियम मी अर्धा मोडला आहे. का मोडला आणि अर्धाच का, दोन्ही सांगतो.

आधी जुन्या मताची बाजू मांडतो, कारण ती लेचीपेची नव्हती. भाडं वेगळं लावणाऱ्यांबद्दल माझ्या मनात अढी होती. ईबेवर एक युक्ती जुनी होती: वस्तूची किंमत नावापुरती ठेवायची आणि डिलिव्हरीचा चार्ज अवाच्या सवा लावायचा. कमिशन किमतीवर बसायचं, डिलिव्हरीवर नाही. 2011 मध्ये ईबेनं अमेरिकेत डिलिव्हरीच्या रकमेवरही कमिशन लावलं, तेव्हा ती फट बुजली. पण लोक त्या युक्तीला भुलतात, हे त्याआधीच दिसून आलं होतं. तंजिम हुसैन आणि जॉन मॉर्गन या अर्थशास्त्रज्ञांनी ईबेवर सीडी आणि एक्सबॉक्सचे गेम लिलावाला लावून पाहिले. 2006 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: सुरुवातीची बोली कमी आणि डिलिव्हरी महाग ठेवली, की विकणाऱ्याच्या हातात बऱ्याचदा एकूण पैसे जास्त पडतात. माणूस किंमत डोळे फाडून बघतो आणि भाड्याकडे काणाडोळा करतो. त्या काणाडोळ्यावर मला कमवायचं नव्हतं. म्हणून एकच आकडा, सगळं धरून.

पहिला चिमटा बसला तो मापाचा. कुरिअरवाले वजन दोन रीतींनी धरतात. एक काट्यावरचं, दुसरं खोक्याच्या आकाराचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, बहुतेक ठिकाणी 5000 नं भागायचं, आणि दोन्हींत जे जास्त भरेल त्यावर पैसे. लॅपटॉपचं 40 बाय 30 बाय 12 चं खोकं 2.88 किलो भरतं, म्हणजे खऱ्या वजनाच्या आसपासच. पण डेस्कटॉपचा उभा कॅबिनेट फोमसकट 55 बाय 30 बाय 55 च्या खोक्यात बसवला, की हिशेब 18 किलोच्या वर जातो. काट्यावर तो 10 किलोही भरत नाही. फोम कमी केला तर माल फुटतो, वाढवला तर हवेचं भाडं वाढतं. त्यावर इंधनाचा अधिभार, त्यावर 18 टक्के जीएसटी.

तरीही मी सरासरी काढून रेटत होतो. जवळच्या पार्सलवर थोडे सुटतात, लांबच्यावर थोडे जातात, वर्षाअखेर जमतं, असा हिशेब. तो जमेना. कारण गिऱ्हाइकं सरासरीनं येत नाहीत. हडपसरचा, चाकणचा, सोलापूरचा माणूस माझी किंमत बघायचा आणि म्हणायचा, एवढ्यात तर इथंच मिळतो. गुवाहाटीचा माणूस तीच किंमत बघून खूश व्हायचा, कारण त्याला कुणीच त्या भावात पोचवत नव्हतं. जवळचे गळाले, लांबचे उरले, सरासरी वर गेली. मी किंमत वाढवली, तसे आणखी जवळचे गळाले. जड मालाला 'फ्री डिलिव्हरी' लावली, की पाठवायला सगळ्यांत महाग पडणारी गिऱ्हाइकं आपण होऊन गोळा करतो.

पण माझं मत या आकड्यांनी पुरतं फिरलं नव्हतं. फिरवलं ते उसानं.

आमच्या दौंड तालुक्यात उसाचं बिल समजायला फार शिकावं लागत नाही. एफआरपी, म्हणजे उसाचा किमान भाव, केंद्र सरकार ठरवतं, तो भाव कारखान्याच्या दारातला. तोडणी आणि वाहतूक त्यातून वजा होते, आणि ती वजावट वर्षानुवर्षं सरासरीनं झाली. रान कारखान्याच्या कुंपणाला लागून असो की पन्नास किलोमीटरवर, टनामागं कपात सारखी. अंतराचे टप्पे पाडा, ज्याचं अंतर त्यानं सोसावं, ही शेतकऱ्यांची मागणी म्हणूनच उठली. आमचं रान जवळचं. पारावर या विषयावर माझा आवाज सगळ्यांत मोठा. असाच एकदा तावातावानं बोलत होतो, तर चुलतभाऊ म्हणाला, "दादा, मग हडपसरच्या गिऱ्हाइकाकडून तू गुवाहाटीचं भाडं कसं घेतोस?"

मला उत्तर देता आलं नाही. ऊस उत्पादक निदान बऱ्याच अंशी कारखान्याला बांधलेला असतो, त्यामुळं तिथं सरासरी टिकते. माझं गिऱ्हाईक बांधलेलं नाही, ते उठून जातं. फरक एवढाच. 'फ्री' म्हणत मी भाडं सोडत नव्हतो, फक्त ते एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या नावावर लावत होतो, आणि दोघांनाही सांगत नव्हतो.

मग सरासरी सगळीकडेच वाईट का? इथं मला टपाल खात्यानं अडवलं. इंग्लंडमध्ये रोलंड हिलनं 1837 मध्ये पुस्तिका लिहून दाखवलं होतं, की लंडनहून एडिंबरोला पत्र नेण्याचा खरा वाहतूक खर्च पेनीचा 36 वा हिस्सा आहे. खर्च होतो तो पत्र घेण्यात, नोंदण्यात, वाटण्यात. मग अंतराप्रमाणे दर लावायचेच कशाला? 1840 मध्ये तिथं एकच दर आला. आपल्याकडे 1 ऑक्टोबर 1854 पासून हलक्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. पुढं 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी अधिकारी, संस्कृतचे कवी. आज त्याच सहा आकड्यांवर कुरिअर कंपन्या झोन पाडतात आणि अंतराचे पैसे लावतात.

हिलचं गणित मी माझ्या खोक्यांना लावलं आणि गाठ सुटली. अंतराचा खर्च एकूण किमतीत किरकोळ असेल, तर सरासरी न्याय्य. कुणाचं फारसं जात नाही आणि सगळ्यांचा हिशेब सोपा होतो. लॅपटॉप या बाजूला बसतो. डेस्कटॉप आणि मॉनिटर बसत नाहीत. तिथं भाडं हा किमतीचा मोठा तुकडा असतो, आणि मोठा तुकडा झाकून ठेवायचा नसतो.

राहिला प्रश्न त्या जुन्या अढीचा. भाडं वेगळं दाखवलं म्हणजे आपण त्या युक्तीवाल्यांत जमा झालो का? नाही, पण एका अटीवर: एकूण आकडा गिऱ्हाइकाला आधी दिसला पाहिजे. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम 2020 हेच सांगतात: एकूण किंमत एका आकड्यात, सोबत डिलिव्हरीसकट फोड. आणि किंमत थेंबाथेंबानं वाढवत पैसे भरायच्या क्षणी खरा आकडा दाखवणं, हे तर ग्राहक संरक्षणाच्याच 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसवणुकीच्या 13 प्रकारांपैकी एक ठरलं आहे. लबाडी वेगळ्या ओळीत नव्हती, ती ओळ उशिरा दाखवण्यात होती. आणि आकडा फुगवण्यात.

म्हणून आता असं करतो. लॅपटॉपला देशभर एकच किंमत. त्यात बॅटरी असते आणि लिथियम बॅटरीला विमानात नियम फार, म्हणून तो रस्त्यानं जातो. चार दिवस जास्त लागतील हे आधीच सांगतो. डेस्कटॉपला कासुर्डीत हातात देण्याची किंमत लिहितो, पिनकोड घेतो आणि पैसे मागायच्या आधी कुरिअरचा दर जसाच्या तसा जोडून एकूण सांगतो. त्यात माझा रुपया नाही. खोकं, फोम, टेप माझ्या किमतीत, कारण माल धड पोचवणं हे विकणाऱ्याचं काम. जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं गुंडाळतो. सोलापूर, लातूर, हैदराबादकडचा माणूस असेल तर हायवेवरून जाणाऱ्या ट्रॅव्हल्सवर टू-पे टाकतो. भाडं तो तिथंच देतो, मला मध्ये पडावं लागत नाही. माल बंद निघाला तर दोन्हीकडचं भाडं माझं. मन बदललं म्हणून परत पाठवला तर मालाचे पैसे पूर्ण परत, भाडं त्याचं. भाडं पूर्वी किमतीत मुरलेलं असायचं, तेव्हा हाच वाद सगळ्यांत घाणेरडा व्हायचा.

गुवाहाटीच्या माणसाला यात तोटा आहे, हे मला कबूल आहे. लांबच्या माणसाला सारख्या दरात सेवा देणं टपाल खात्याला शोभतं, त्यामागं सरकारचं बळ असतं. माझ्यामागं होता तो हडपसरवाल्याचा खिसा. आता गुवाहाटीहून डेस्कटॉपची चौकशी आली, की मी एकूण आकडा सांगतो आणि पुढं म्हणतो, एवढ्या भाड्यात तुमच्या शहरातच बघा, लॅपटॉप हवा असेल तर मी आहेच. बहुतेक जण तिथंच बघतात. तो धंदा माझा नव्हताच.