गुणानुक्रमाची यादी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाची अपेक्षा होती की, इतिहासाचा शिक्षक म्हणून मी शाळेच्या जडणघडणीवर लिहावे. तो विषय माझ्याहून ज्येष्ठ असलेले सहकारी अधिक अधिकाराने मांडतील. मी लिहितो आहे ते वसतिगृहाच्या एका प्रवेशयादीविषयी, आणि त्या यादीने मला नीट वाचायला लावलेल्या एका लायब्ररीविषयी. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. सी प्लस प्लस या संगणकीय भाषेतील तयार घटकांची.

शाळेत संगणक आले तेव्हा शिकवायला कोणी नव्हते, म्हणून ते काम माझ्याकडे आले. दोन सुट्ट्यांत पुस्तक पुढ्यात ठेवून ती भाषा शिकलो. पहिला प्रोग्राम लिहिला तो गुणांचा उतरता क्रम लावणारा. मग नावे अकारविल्हे लावण्यासाठी तोच पुन्हा लिहिला, आणि ग्रंथालयाच्या दाखल क्रमांकांसाठी तिसऱ्यांदा. रीत तीच, सामग्री तेवढी निराळी. एका ठिकाणी सापडलेली चूक तिन्ही ठिकाणी दुरुस्त करावी लागे, आणि एक ठिकाण हमखास राहून जाई.

सुट्टीत भेटायला आलेल्या, अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने ते पाहिले. म्हणाला, "सर, क्रम लावायची रीत एकदाच लिहायची. कशाचा क्रम लावायचा, ती जागा कोरी ठेवायची." यालाच टेम्प्लेट म्हणतात. आपल्या कार्यालयातील दाखल्याचा छापील नमुना असतो, तसेच हे. फरक इतकाच की, कोरी जागा प्रोग्राम चालण्यापूर्वीच कंपायलर भरतो आणि प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र संकेत तयार करतो. त्यामुळे वेगात तोटा येत नाही.

हा विचार ज्यांनी तडीस नेला, त्या अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांचा जन्म १९५० साली मॉस्कोत झाला. पुढे अमेरिकेत डेव्हिड मसर यांच्यासह त्यांनी एडा या भाषेत असा प्रयोग केला, आणि ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत मेंग ली यांच्यासमवेत स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी उभी केली. १९९४ साली ती सी प्लस प्लसच्या मानकाच्या मसुद्यात स्वीकारली गेली आणि त्याच वर्षी कंपनीने ती सर्वांना विनामूल्य दिली. मानक प्रसिद्ध झाले १९९८ मध्ये.

तिची खरी युक्ती मला उशिरा कळली. माहिती साठवण्याचे सहा प्रकार आणि तिच्यावर चालणाऱ्या साठ रीती असतील, तर प्रत्येक जोडीसाठी वेगळे लिहिताना ३६० तुकडे लागतील. स्टेपानोव्ह यांनी मध्ये इटरेटर आणला. इटरेटर म्हणजे साठ्यातील एखाद्या जागेवर ठेवलेले बोट. रीतीला साठ्याची ओळख लागत नाही. बोट पुढे कसे सरकते, एवढे पुरते. मग सहा आणि साठ मिळून ६६ तुकड्यांत काम भागते. मात्र प्रत्येक रीतीच्या अटी असतात. 'सॉर्ट' या रीतीला कोणत्याही जागेवर थेट उडी घेता येणारे बोट हवे. साखळीसारख्या 'लिस्ट'वर ती चालवू पाहिली, तर कंपायलर पडदाभर त्रुटी ओततो. त्यांतली कामाची ओळ शोधणे हे शिलालेख वाचण्याहून सोपे नाही.

अटी मी वाचल्या होत्या. काय करण्याचे वचन दिलेले नाही, हे वाचले नव्हते.

वसतिगृहाचा नियम असा होता की, गुण समान असतील तर ज्याचा अर्ज आधी आला त्याला आधी जागा. अर्ज तारखेच्या क्रमाने भरलेलेच होते. त्यावर गुणांनुसार 'सॉर्ट' चालवले की झाले, असे मी मानले. दहा नावांवर तपासून पाहिले. यादी अचूक आली. खऱ्या यादीत चाळीसहून अधिक नावे होती. ती फळ्यावर लागली त्या दुपारी एक माता आली. "सर, आम्ही तर पहिल्याच दिवशी अर्ज दिला होता." तिच्या मुलाइतकेच गुण असलेला, चार दिवसांनी अर्ज केलेला मुलगा त्याच्या वर होता. मी तिला म्हणालो, "बाई, यादी संगणकाने केली आहे, तो पक्षपात करीत नाही." ते वाक्य आजही मला टोचते.

रात्री आवक नोंदवही घेऊन बसलो. तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. समान ठरलेल्या घटकांचा मूळ क्रम राखण्याची हमी 'सॉर्ट' देतच नाही. ती हमी 'स्टेबल सॉर्ट' देते. आणि माझी चाचणी फसवी होती. मी वापरीत असलेल्या जीसीसी या कंपायलरची लायब्ररी सोळापर्यंतच्या घटकांना एकेक उचलून योग्य जागी बसवते, त्यामुळे लहान यादीत मूळ क्रम आपोआप टिकतो. सोळाच्या पुढे रीत बदलते. दहा नावांनी मला हे कधीच दाखवले नसते.

दुरुस्ती एका शब्दाची होती. सकाळी जुनी यादी उतरवून नवी लावली आणि चूक माझी असल्याचे तिच्याखाली सहीनिशी लिहिले. दोन नावांची अदलाबदल झाली. खाली गेलेल्या मुलाचे वडील आदल्या संध्याकाळीच गादी आणि पेटी घेऊन आले होते. त्यांना परत पाठवण्याचे धैर्य मला झाले नाही. मुख्याध्यापकांना विनंती करून सात नंबरच्या खोलीत एक जास्तीची खाट टाकून घेतली. ती आजही तिथेच आहे.