लाख मागांच्या शहरात एक माग

सुरतेत राहून हातांनी विणायला शिकायचं म्हटलं, की लोक आधी हसतात. अंजना, लिंबायत, उधना, पांडेसरा, कतारगाम, वेड रोड, कुठल्याही गल्लीत पाच मिनिटं उभं राहा. पत्र्याच्या छपराखालून यंत्रमागांची खडखड ऐकू येतेच. रात्रीची पाळी सुरू असली तर बारा वाजताही येते. या शहरात यंत्रमागांची मोजदाद लाखांत होते. इथे कापड मीटरने विकतात, मालाची गोष्ट निघाली की हजार मीटरच्या खाली कुणी बोलत नाही. अशा गावात मी टेक्स्टाइल डिझाइन शिकून परतणाऱ्या एका मुलीकडून तिचा जुना टेबल लूम घेतला. आकाराने पायपेटीएवढा. वर चार खटके, पुढे-मागे लाकडी रूळ, मधोमध झुलणारी फणी. टेम्पोवाल्याने तो उतरवताना विचारलं, हे वाजवायचं आहे का?

मराठी माणसाला सुरत म्हटलं की १६६४ आठवतं, त्याला इलाज नाही. पण आजची सुरत ही खान्देशासाठी ताप्ती रेल्वे लाइनच्या टोकाचं गाव आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून माणसं येतात आणि माग, डाइंग मिल, मार्केट, जिथे काम मिळेल तिथे रुजतात. लिंबायत-डिंडोलीच्या गल्ल्यांत गुजरातीइतकीच अहिराणी कानावर पडते, महापालिकेच्या मराठी शाळा भरतात. मला यातली एकच गोष्ट कायम विचित्र वाटत आली आहे. ज्यांच्या गावाकडच्या रानात कापूस उभा असतो, ती माणसं इथे उभी हयात पॉलिएस्टर हाताळतात.

आमच्या शेजारचे अप्पा त्यांतलेच. वडील अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये, अप्पा अंजनातल्या एका खात्यात. इथे मागाच्या कारखान्याला खातंच म्हणतात. इतकी वर्षं त्या आवाजात काढल्यामुळे अप्पा मोठ्याने बोलतात आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत ऐकतात. खात्यात सगळे असेच, निम्मं बोलणं हातवाऱ्यांनी. त्यांनी माझ्या मागाभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं,

"ताई, याची मोटर कुठंय?"

"मोटर नाही अप्पा. हातानेच चालतो."

"चालवायचं राहू द्या. ताणा कोण काढणार?"

प्रश्न बरोबर होता. विणणं म्हणजे धोटा इकडून तिकडे जाणं, अशी आपली समजूत असते. मागावर बसल्यावर कळतं, की धोटा हातात येईपर्यंत बहुतेक काम उरकलेलं असतं. माझी फणी ४० नंबरची, म्हणजे २ इंचांत ४० घरं. प्रत्येक घरातून दोन धागे घेतले की इंचाला ४० धागे होतात. १२ इंच पन्ह्याचं कापड हवं असेल तर ४८० उभे धागे. ताणा २ मीटरचा धरला तर ९६० मीटर सूत नुसतं उभं लागतं, आडवं वेगळंच. शिवाय त्या २ मीटरांतला मागच्या रुळाजवळचा अर्धाएक मीटर विणताच येत नाही, कापून टाकावा लागतो. हे गणित आधी कुणी सांगत नाही.

ताणा काढायला लाकडी चौकट असते, तिला खुंट्या. सूत एका टोकाच्या खुंटीपासून दुसऱ्या टोकाच्या खुंटीपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. टोकाच्या दोन खुंट्यांमध्ये मात्र जाताना ते एका खुंटीच्या वरून न्यायचं, येताना खालून. तिथे धाग्यांची फुली पडते. ही फुली म्हणजे विणकामाची सगळी अक्कल. ती सुटली नाही तर ४८० धाग्यांतला कुठला आधी आणि कुठला नंतर हे शेवटपर्यंत ठरलेलं राहतं. सुटली तर हातात उरतो तो गुंता. तो सोडवत बसण्यापेक्षा नवा ताणा काढलेला बरा. म्हणून फुलीला सुतळीने चारी बाजूंनी बांधून मगच ताणा खुंट्यांवरून उतरवतात.

मग तो मागच्या रुळावर गुंडाळायचा, प्रत्येक थराखाली जाड कागद घालून. नाहीतर वरचे धागे खालच्यांत रुततात आणि विणताना काही ढिले, काही ताठ राहतात. त्यानंतर एकेक धागा वहीच्या, म्हणजे धागे उचलणाऱ्या चौकटीतल्या तारांच्या, डोळ्यातून ओवायचा आणि फणीच्या घरातून काढायचा. इचलकरंजीत या कामाला वहिफणी म्हणतात आणि ते करणारे कामगार वेगळे असतात. सुरतेतही बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, पसारणारी माणसं निराळी. दोघं समोरासमोर बसतात, एकजण धागा पुढे करतो, दुसरा आकड्याने ओढून घेतो. हजारो धागे असतात आणि त्यांचे हात थांबत नाहीत. अप्पा म्हणाले, "मी एवढा माग चालवला, पण बीम कधी भरलं नाही. ते काम आपलं नव्हतं." वॉर्पिंगवाला वेगळा, सायझिंगवाला वेगळा, पसारणारा वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा. लाखो मीटर कापड ज्याच्या हाताखालून गेलं, त्या माणसाने ताणा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कधी पाहिलाच नव्हता. माझ्या टेबलाशी बसून आम्ही दोघं तो एकदमच शिकलो.

एक गोष्ट मात्र मला अप्पांनीच शिकवली. गाठ. ओवताना धागा तुटतोच, आणि साधी गाठ मारली तर ती फणीत अडकते, फणी पुढे-मागे झाली की परत तुटते. अप्पांनी तुटकी टोकं डाव्या हाताच्या अंगठ्याखाली एकावर एक आडवी दाबली, उजव्या हाताने एक टोक अंगठ्याच्या नखावरून फिरवून मागे नेलं, दुसरं त्या फेऱ्यात खुपसलं आणि ओढलं. मी "काय केलंत?" म्हणेपर्यंत गाठ बसली होती. मिरीच्या दाण्याएवढीसुद्धा नाही, बोटाला लागेल न लागेल अशी. मग त्यांनी टोकं दातांनी कुरतडून टाकली. कात्री समोर पडली होती, पण खात्यात दातच वापरतात. त्यांनी ती गाठ पुन्हा पुन्हा हळू करून दाखवली. हळू केली की त्यांचीच चुकायची.

सूत मिळवणं ही वेगळीच कथा. सुरतेत पॉलिएस्टरचे कोन वाटेल तेवढे, वाटेल त्या रंगात. किलो-दोन किलो सुती धागा मात्र कुणी द्यायला तयार नसतो. वर मोजमापाची भाषाही उलटी. सुरत डेनिअरमध्ये बोलते, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर, म्हणून आकडा वाढला की धागा जाड. इचलकरंजी काउंटमध्ये बोलते. एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो काउंट, म्हणून आकडा वाढला की धागा बारीक. दुकानात मी ४० मागितलं तर दुकानदार आणि मी दोन विरुद्ध दिशांना तोंड करून उभे. शेवटी सूत मी खान्देशाकडच्या ओळखीतून मागवलं. पॉलिएस्टर आणून पाहिलं, नाही असं नाही. हातमागावर ते निसरडं पडतं, आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत धागे विजेने एकमेकांना चिकटतात. सुताचं उलट आहे. दमट हवेत ते बळकट होतं, म्हणून पावसाळ्यातली सुरत सुताला मानवते.

विणणं त्या मानाने सोपं. चार चौकटी, त्यांत धागे १-२-३-४ असे ओळीने ओवलेले. पहिली-तिसरी उचलली, मग दुसरी-चौथी, की साधं कापड. १-२, २-३, ३-४, ४-१ असं चढत गेलं की तिरकी रेघ येते, जीन्सच्या कापडावर असते तशी. टेबल लूमला पायाखाली पावड्या नसतात, खटका हातानेच दाबायचा, धोटाही हातानेच टाकायचा आणि फणीही हातानेच ठोकायची. साधा शटलचा यंत्रमाग मिनिटाला शंभराहून जास्त आडवे धागे टाकतो, वॉटरजेट माग त्याच्या कितीतरी पट. माझ्या वेगाची त्याच्याशी तुलना करणं हा माझा नाही, त्या यंत्राचा अपमान आहे. आडवा धागा किंचित तिरका, सैल टाकून मग ठोकला तर काठ सरळ राहतो. ताणून टाकला की कापड मध्येच कंबर काढतं. अप्पा कापडाचा पोत बघत नाहीत, आधी काठावरून बोट फिरवतात.

सुरतेला हातमाग अगदीच परका आहे असंही नाही. चिनी विणीवरून इथल्या पारशी विणकरांनी तंचोई उभी केली, ती पुढे बनारसला गेली आणि तिथलीच झाली. किनारपट्टीने थोडं वर गेलं की भरूचला सुजनी विणतात. दोन पदरी कापड विणता विणताच त्याच्या चौकोनांत कापूस भरत जातात, गोधडी मागावरूनच तयार होऊन उतरते. आणि येवल्याच्या पैठणीची जर वर्षानुवर्षं सुरतेहूनच जाते. चांदीची तार ओढून, चपटी करून, रेशमावर गुंडाळून, सोन्याचा मुलामा दिलेली ती खरी जर आता महाग पडते. तांब्याच्या तारेची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीची तिची भावंडंच जास्त खपतात. पैठणी मिरवणाऱ्या बायकांपैकी किती जणी तिचा पदर उजेडात धरून हे तपासतात, देव जाणे.

साधे यंत्रमाग आता सुरतेत भंगारच्या भावाने, किलोवर विकले जातात. त्यांच्या जागी वॉटरजेट आणि रॅपिअर येतात. अप्पांच्या खात्यातलेही तसेच गेले. अप्पांनी ते मला सांगितलं ते वजनासकट, हळहळ वगैरे न करता.

तुम्हाला जुना टेबल लूम मिळत असेल तर फार विचार करू नका, पण घेताना पाहून घ्या. फणीवर गंज आहे का ते नखाने तपासा. असला तरी घाबरू नका, फणी नवी करून मिळते. वहीचे डोळे मोजा, लागणाऱ्या धाग्यांपेक्षा कमी नकोत. रुळांच्या दातेरी चाकांवर ताण देऊन बघा, दात झिजले असतील तर ताणा घसरेल. आणि एक टेप सोबत न्या. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरत नसतील तर त्या मागावर कापड कधीच सरळ यायचं नाही, कुणी फुकट दिला तरी आणू नका.