हिरवं बटण, लाल बटण

मैत्रिणींनो, तुमच्या इमारतीतला पाण्याचा पंप एकदा बटण दाबून सुरू होतो का? खरं सांगा हं! आमच्याकडचा होत नसे. हिरवं बटण दाबायचं, थोडा दम धरायचा, पुन्हा दाबायचं आणि मग स्टार्टरच्या डब्याला डाव्या अंगानं एक चापट द्यायची. ही चापट नेमकी कुठं द्यायची, ते एकट्या वॉचमनला ठाऊक. तो गावाला गेला की सगळी बिऱ्हाडं कोरडी. सोसायटीच्या सभेत मी विषय काढला की उत्तर ठरलेलं : "चालतोय ना? मग चालू दे की!"

मी लग्न होऊन सदाशिव पेठेत आले, तेव्हा वाड्यात विहीर होती आणि विहिरीवर रहाट. रहाटाला बटण नसतं. दोर झिजला तर डोळ्यांना दिसतो, कणा कुरकुरला तर ऐकू येतो, घागर कुठं अडकली तर हाताला कळतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं आणि पुण्याचे नळ कोरडे पडले, तेव्हा पेठांतल्या विहिरी आणि कात्रजच्या पाण्याचे पेशवेकालीन हौद कसे कामी आले, ते सासूबाई रंगवून सांगायच्या. पुढं वाडा पाडून इमारत झाली. रहाट गेला, जिन्याखाली लोखंडी डबा आला. श्रम वाचले, यात वादच नाही. चार मजले घागरी चढवण्याची हौस कुणाला आहे? पण रहाट आपलं दुखणं आधी सांगायचा, हा डबा शेवटपर्यंत सांगत नाही, एवढाच फरक.

एका उन्हाळ्यात भर दुपारी गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. वॉचमन जेवायला गेलेला. जिन्यावरून पाणी खाली आलं आणि डब्यापुढं चांगलं घोटाभर साचलं. वरच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी अनवाणीच धावत गेली, लाल बटण दाबायला. मी वरूनच ओरडले, "हात लावू नकोस! मागं सर आधी!" मीटरच्या खोलीतला मेन स्विच कोरड्या जागी होता. पायांत रबरी चपला होत्याच, हात पदराला पुसले आणि तो खाली ओढला. पंप थांबला. नंतर वायरमननं डब्याला टेस्टर लावून पाहिला, तर डब्याला करंट उतरलेला! अर्थिंगची तार कधीच तुटली होती. ती पोर त्या पाण्यात उभी राहून बटणाला हात घालती तर काय झालं असतं, हे मनात आणवत नाही.

तो वायरमन मोठा समजूतदार. म्हणाला, "काकू, बटण नुसता हुकूम देतं. खरं काम आतला काँटॅक्टर करतो. तो खटकन बसला की मोटारीला वीज मिळते. व्होल्टेज कमी असलं की तो नीट बसत नाही, थरथरतो, ठिणग्या उडतात आणि त्याचे पॉइंट जळतात. जळके पॉइंट कधी टेकतच नाहीत, मग हिरवं बटण फुकट. कधी वितळून चिकटून बसतात, मग लाल बटण फुकट." त्यातून दमट हवा आणि मुंग्या. डब्यात मुंग्यांनी घर केलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. चापटीनं पॉइंट तेवढ्यापुरते जुळत, इतकंच. दुखणं वाढतच होतं.

हे मी माझ्या भाच्याला सांगितलं. तो गोव्याकडे एका शिडाच्या बोटीवर असतो. तो हसून म्हणाला, "मावशी, आमच्या नांगराचं हेच रडगाणं आहे!" बोटीच्या पुढच्या टोकाला नांगराची साखळी ओढायचं यंत्र असतं, विंडलास म्हणतात त्याला. म्हणजे रहाटच की! फक्त विजेवर चालणारा. त्याचं बटण पायानं दाबायचं, तेही उघड्यावर, खारट पाण्याच्या तुषारांत. घरी दोन हजार वॅटच्या गीझरला नऊएक अँपिअर पुरतात. बोटीवर बॅटरी बारा व्होल्टची, म्हणून हजार वॅटच्या मोटारीलाही ऐंशीच्या वर लागतात. एखादा जोड गंजला की तिथंच वीज खर्ची पडते आणि मोटार नुसती कण्हते. रात्री वारा फिरला, बोट खडकाकडे सरकू लागली आणि नांगर उचलायच्या वेळी बटणानं दगा दिला, तर?

म्हणून ती माणसं बटणावर जीव टांगत नाहीत. नांगर उचलताना आधी इंजिन सुरू करतात, म्हणजे बॅटरीला जोर राहतो. यंत्रानं बोट ओढत नाहीत. बोटच नांगराजवळ नेतात आणि सैल पडलेली साखळी गोळा करतात. काम झालं की ब्रेकर बंद, म्हणजे चुकून पाय पडला तरी साखळी सुटायची नाही. आणि हातानं फिरवायचा दांडा जवळच, कुठं ठेवलाय ते प्रत्येकाला ठाऊक.

यातलं आपण काय घ्यावं? पहिलं, मेन स्विच कुठं आहे ते घरातल्या प्रत्येकाला, मुलाबाळांनासुद्धा, दाखवून ठेवा. तिथं पोचायची वाट कोरडी हवी. दुसरं, ओल्या हातानं किंवा साचलेल्या पाण्यात उभं राहून स्टार्टरला हात नाही म्हणजे नाही. तिसरं, पावसाळ्याआधी वायरमनकडून डबा उघडून घ्या. पॉइंट, स्क्रू, अर्थिंग तपासून घ्या, आणि गळका करंट पकडणारा ब्रेकर नसेल तर बसवून घ्या. स्वतः उघडायच्या फंदात पडू नका. चौथं, पंप नुसता गुणगुणत असेल आणि फिरत नसेल तर लगेच बंद करा, मोटार जळते. आणि पाचवं, दोन दिवसांचं पिण्याचं पाणी घरात भरलेलं असू द्या. आपला हातदांडा तोच!

आमच्याकडे आता नवा स्टार्टर आहे. त्याच्याशेजारी मी एक पाटी लावून घेतली : "बंद होत नसल्यास मेन स्विच मीटरच्या खोलीत, उजवीकडून दुसरा." काही मंडळी म्हणाली, एवढं काय त्यात? पण वरची ती मुलगी आता घरी आलेल्या प्रत्येक मैत्रिणीला तो स्विच नेऊन दाखवते. तुम्हीही आज संध्याकाळी पाच मिनिटं काढा आणि तुमचा कुठं आहे, ते पाहून या बरं!