तीस खिडक्या

मी कलाशाखेचा पदवीधर, कारकून. पण कचेरीत ‘संगणक येणारा’ म्हणून 2013 साली वेब सर्व्हर माझ्याच गळ्यात पडला. अर्जांच्या शेवटच्या दिवशी तो आडवा झाला. ऑनलाइन अर्जाची छापील प्रत न्यायला सत्तरीहून पहिली बस धरून आलेली माणसं हात हलवत परत गेली. मुदत एक दिवस वाढली. मेमरी वाढवायची तर खरेदीची फाईल, म्हणजे पुढचा पावसाळा!

रात्री अपाचीची माहिती वाचत बसलो. मॅक्सक्लायंट्स होतं 256, म्हणजे एकदम 256 खिडक्या उघडायची मुभा. पीएचपीसकट एकेक खिडकी 25 एमबी खाणार, आणि मेमरी सगळी मिळून एक जीबी. हा हिशेब तर आमच्यासारख्यालाही जमतो. मेमरी संपली की सर्व्हर डिस्कवर स्वॅप करू लागतो, मग कुणाचंच काम होत नाही. आकडा 30 केला. उरलेली मेमरी डेटाबेसला. कीपअलाइव्हची मुदत 15 सेकंद होती, काम झालेल्या गिऱ्हाइकासाठी खिडकी अडवून ठेवल्यासारखी. ती 2 वर आणली.

तिसांत भागेल? झोप लागली नाही.

भागलं. बाकीचे क्षणभर रांगेत थांबत, एवढंच. एका आजीने प्रत घडी करून पिशवीत ठेवली. “बाबा, काल काय झालेलं?”

“गर्दी,” मी म्हटलं.