वठलेल्या झाडाला टांगलेली लायर

पॅरिसच्या नवव्या विभागात त्रिनिते चर्चपाशी मेट्रोतून बाहेर पडलं की जवळच रू द ला रोशफुको हा रस्ता चढणीला लागतो. या परिसराला ‘नूव्हेल आतेन’, म्हणजे नवं अथेन्स, हे नाव १८२०च्या दशकात पडलं. तेव्हा ग्रीसचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं होतं, पॅरिसला ग्रीसचं वेड लागलं होतं, आणि चित्रकार, संगीतकार, नटनट्या इथल्या नव्या घरांत राहायला येत होत्या. १४ नंबरचं घर चित्रकार ग्युस्ताव्ह मोरोच्या आईवडिलांनी १८५२मध्ये घेतलं. १८९५मध्ये त्याने ते वाढवलं, वर प्रशस्त चित्रशाळा केल्या. तो १८९८मध्ये गेला आणि १९०३मध्ये घराचं संग्रहालय झालं. इथल्या ‘युरिडिसीच्या थडग्यापाशी ऑर्फियस’ या चित्राची ओळख बहुधा एका वाक्यात उरकतात : मोरोची अनेक वर्षांची जिवलग आलेक्झांद्रिन द्यूरो १८९०मध्ये वारली, त्या दुःखातून हे चित्र आलं. खोटं नाही, पण अपुरं आहे. का अपुरं, हे कळायला आधी सेन नदीपलीकडे ऑर्से संग्रहालयात जाऊन यावं.

तिथे मोरोचा आधीचा ‘ऑर्फियस’ आहे, १८६५चा. कथा ओव्हिड आणि व्हर्जिल या रोमन कवींनी सांगितलेली : सर्पदंशाने मेलेल्या बायकोला, युरिडिसीला, आणायला ऑर्फियस मृत्युलोकात जातो, गाण्यावर तिथल्या राजालाही विरघळवतो, आणि परतताना मागे वळून बघितल्यामुळे तिला पुन्हा गमावतो. आपल्या सावित्रीला जे साधतं ते त्याच्या हातून अगदी उंबरठ्याशी निसटतं. पुढे थ्रेसच्या उन्मत्त बायका त्याला फाडतात आणि त्याचं मस्तक नदीत वाहत जातं. मोरोने यातला एकही प्रसंग घेतला नाही. त्याच्या चित्रात एक थ्रेसी मुलगी ते मस्तक लायर या तंतुवाद्यावर ठेवून, दोन्ही हातांत धरून उभी आहे. प्राचीन कवींकडे ही मुलगी नाही, ती मोरोची. मिटल्या डोळ्यांचा तो चेहरा आणि तिची खाली झुकलेली नजर इतकी समोरासमोर आहेत, की क्षणभर दोघंही झोपेत आहेत असं वाटतं. खाली कोपऱ्यात दोन कासवं आहेत. नजरेतून सहज सुटतील अशी, पण पहिली लायर कासवाच्या पाठीची होती हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठीच ती तिथे ठेवलेली. वर खडकावर मेंढपाळ वाद्य वाजवताहेत. गायक मेला, गाणं मात्र चालू आहे.

आता मोरोच्या घरात परत. सुमारे १८९१च्या चित्रात ऑर्फियस झाडाच्या बुंध्याशी कोसळला आहे. झाड वठलेलं, विजेने फोडलेलं. टाकून दिलेली लायर त्याच्याच फांदीला लटकते आहे. संध्याकाळ, चंद्र, आणि सगळीकडे स्तब्धता. बहिऱ्या आईला समजावं म्हणून मोरो आपल्या चित्रांवर टिपणं लिही. आई १८८४मध्ये गेली, टिपणं थांबली नाहीत. या चित्रावरही टिपण आहे आणि पवित्र गायक कायमचा मुका झाला, असंच त्याने त्यात म्हटलं आहे. कवींच्या कथेत मात्र नेमकं उलट घडतं : दुसऱ्या वियोगानंतरच ऑर्फियस असा गातो की झाडं चालत त्याच्याजवळ येतात. म्हणजे मोरोने दोन्हीदा कथा एकाच जागी मोडली आहे, प्रेम गेल्यावर गाण्याचं काय होतं तिथे. पहिल्यांदा ती मोडली तेव्हा आलेक्झांद्रिन हयात होती. त्यामुळे पुराणकथा हा खासगी दुःखावर चढवलेला मुखवटा, असं म्हणता येत नाही. दुःख आलं तेव्हा भाषा पंचवीस वर्षं जुनी होती.

यावर कोणी म्हणेल, मग दुसऱ्या चित्रातलं मौन तरी खरं कशावरून? मोरो काही गप्प बसला नाही. १८९२पासून त्याने एकोल दे बोझार या कलाशाळेत शिकवलं, मातिस आणि रुओ त्याचे विद्यार्थी. ‘ज्युपिटर आणि सेमेले’सारखं तपशिलांनी खच्चून भरलेलं चित्रही त्यानंतरचं. आक्षेप रास्त आहे, आणि मला वाटतं, चित्राला आत्मकथन म्हणणाऱ्यांनाच तो अडचणीचा आहे. मुका झालेला माणूस आपल्या मौनाचं पावणेदोन मीटर उंच तैलचित्र करत बसत नाही. ते करणारा ऑर्फियस नव्हे, तर मागे उरलेली, जे सापडलं ते उचलून धरणारी ती थ्रेसी मुलगी. घरही तेच सांगतं. पहिल्या मजल्यावर आलेक्झांद्रिनकडून आलेल्या सामानाची एक छोटी खोली मोरोने लावून ठेवली. ही मांडणी प्रेक्षकांसाठी रचलेली आहे, असा संशय घेता येईल, आणि ती रचलेली आहेच. पण उचलून धरणं म्हणजे रचणंच. मस्तक लायरवर नीट ठेवावंच लागतं.

आलेक्झांद्रिनला पुरलं आहे ती मोंमार्त्रची दफनभूमी इथून पायी गाठता येते. १८५८च्या ऑपेरेटात ऑर्फियसला बायकोचा कंटाळा आलेला नवरा करून पॅरिसला हसवणारा संगीतकार ऑफेनबाखही तिथेच आहे, हा योगायोग मोरोला आवडला नसता. आलेक्झांद्रिनच्या थडग्याचा आराखडा मोरोचा. तो स्वतः याच दफनभूमीत, आईवडिलांच्या थडग्यात आहे. तिच्या दगडावर मात्र त्याने ए आणि जी ही दोन अक्षरं एकमेकांत गुंफून कोरून घेतली आहेत.